डाउनी: बोर्डो की आंतरप्रवाही औषध?

ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षवेलीला फूट निघाली आणि ढगाळ हवा आली, की नाशिकच्या निफाड-दिंडोरीत हाच प्रश्न: डाउनी या बुरशीजन्य रोगावर बोर्डो मारायचं की आंतरप्रवाही, म्हणजे पानात भिनणारं, औषध?

बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) स्वस्त, पण स्पर्शजन्य, म्हणजे पानावरच राहणारं. पानात शिरलेली बुरशी त्याने मरत नाही, म्हणून पावसाआधीच मारा. 1 टक्क्यासाठी 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. कोवळ्या फुटीवर तीव्रता याहून कमी. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या पिंपांत वेगवेगळे कालवून मग एकत्र करा. लोखंडी खिळा बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, पानं करपतील. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

आंतरप्रवाही औषधांपैकी मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेबमधलं मेटॅलॅक्झिल पानात भिनतं, पण पुन्हापुन्हा मारलं की बुरशी दाद देत नाही. शिवाय 1968च्या कीटकनाशक कायद्यानुसार लेबलवर द्राक्ष हे पीक हवं आणि काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी ते काढणी यांतले दिवस) पाळायलाच हवा. युरोपने 2020मध्ये मॅन्कोझेबच्या मान्यतेचं नूतनीकरण नाकारलं. मालात राहिलेल्या रसायनाच्या उर्वरित अंशांमुळे माल परत येतो, हे नाशिकने 2010मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या वेळी सोसलंय.

त्यामुळे निर्यातीच्या बागेत आंतरप्रवाही औषध मोजकंच, तेही सुरुवातीला आणि दर वेळी औषधाचा रासायनिक गट बदलून. मणी भरल्यावर बोर्डोही नको, डाग पडतात.