जादू की यंत्रं? कुमारवयीन फँटसी आणि सायफाय कादंबऱ्यांतून पहिली कोणती उचलावी

तेरा-चौदा वर्षांच्या वाचकासाठी (किंवा स्वतःसाठी, लाजायचं कारण नाही) फँटसी किंवा सायफाय कादंबरी निवडायला बसलं की पहिला प्रश्न बहुतेकांना हाच पडतो: जादू हवी की यंत्रं? या प्रश्नाने फारसं काही ठरत नाही. या प्रकारातली जवळपास प्रत्येक चांगली कादंबरी एखाद्या विचित्र नियमावर उभी असते. माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात त्याच्या शेजारी हिंडतो. पुरुषांच्या मनातलं सगळं गावाला ऐकू येतं. म्हातारपण आणि आजारपण संपलंय, मरण वाटून द्यावं लागतं. नियम जादूचा असो की विज्ञानाचा, तो पहिल्या पन्नासेक पानांत कळतो. खरी परीक्षा त्यानंतरची. लेखक त्या नियमाचा शेवटपर्यंत पिच्छा पुरवतो, की मध्येच तो विसरून मारामाऱ्या आणि प्रेमाच्या त्रिकोणात रमतो?

खालची पुस्तकं मी याच मापाने मोजली आहेत. दुसरं माप व्यवहाराचं आहे. पहिला भाग वाचून थांबता येतं का, की त्याच बैठकीत पुढचे दोन गळ्यात पडतात? शेवट कुठल्याच पुस्तकाचा फोडलेला नाही.

अर्थसी की नॉर्दर्न लाइट्स

जादूच्या शाळेची कल्पना आता इतकी रुळली आहे की अर्सुला ल ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'मध्ये ती १९६८ सालीच येऊन गेली आहे हे अनेकांना ठाऊक नसतं. गाँट बेटावर शेळ्या राखणारा गेड रोक बेटावरच्या शाळेत शिकायला जातो. इथला नियम असा: प्रत्येक वस्तूला, प्राण्याला आणि माणसाला एक खरं नाव असतं, आणि ते ज्याला कळलं त्याची तिच्यावर सत्ता चालते. म्हणून माणसं आपलं खरं नाव जिवाभावाच्या दोघाचौघांनाच सांगतात. कुणी आपणहून नाव सांगितलं की दोन ओळींचा तो प्रसंग अंगावर येतो, कारण सांगणाऱ्याने आपला जीवच समोरच्याच्या हाती दिलेला असतो. शाळेतले गुरुजी गेडला बजावतात की साधा खडासुद्धा खरोखर बदलायचा तर जगाचा तोल बदलतो, परिणाम ठाऊक नसतील तर हात घालू नये. गेडला कळतं पण वळत नाही. ईर्ष्येपोटी तो एका मृतात्म्याला बोलावतो आणि उघडलेल्या फटीतून एक काळी सावली जगात येते. उरलेलं पुस्तक म्हणजे तो आणि ती सावली यांचा पाठलाग. कोण कुणाच्या मागे आहे, हेही पुढे उलटतं. जिंकायचं राज्य नाही, शेवटची महालढाई नाही. जे काही निस्तरायचं ते गेडने स्वतःच करून ठेवलेलं.

फिलिप पुलमन यांची 'नॉर्दर्न लाइट्स' (१९९५) अगदी दुसऱ्या टोकाची. अमेरिकेत ती 'द गोल्डन कंपास' या नावाने निघाली, तेव्हा दोन्ही घेऊन बसू नका. इथे प्रत्येक माणसाबरोबर त्याचा डेमन असतो, म्हणजे प्राण्याच्या रूपातला त्याचा आत्मा. लहान मुलांचे डेमन क्षणाक्षणाला रूप बदलतात, कधी पतंग तर कधी रानमांजर, आणि वयात येताना एका रूपात कायमचे स्थिरावतात. मोठं होणं म्हणजे काय हे इतक्या थेट दाखवणारी दुसरी कल्पना या सबंध साहित्यप्रकारात मला दिसत नाही. पुलमन ती सोडतही नाहीत. डेमन आणि मूल यांना एकमेकांपासून तोडता येईल का, या प्रश्नाभोवती पुस्तकातला सगळा भयानकपणा आहे, आणि तो कळल्यावर आधीची सगळी खेळकर पानं वेगळी दिसू लागतात. लायरा ही नायिका खोटारडी, हट्टी आणि बेधडक आहे. चिलखत घालणारं अस्वल आहे, सत्य सांगणारं यंत्र आहे, उत्तर ध्रुवाकडची सफर आहे. वेग भरपूर.

मग निवड कशी करायची? अर्थसी दोनशेच्या आसपास पानांची, संथ, लोककथेच्या सुरात सांगितलेली. संवाद कमी, विनोद जवळपास नाहीच. दर प्रकरणाला धक्का हवा असणाऱ्या मुलाच्या हातून ती तिसाव्या पानावर खाली ठेवली जाईल. पण जो एकटा बसून वाचतो, त्याला ती आयुष्यभर पुरते. शिवाय ती स्वतःत पूर्ण आहे. 'नॉर्दर्न लाइट्स' मात्र ऐन कड्यावर सोडून देते, म्हणजे 'द सटल नाइफ' (१९९७) आणि 'द अँबर स्पायग्लास' (२०००) आलेच. तिसऱ्या भागाला २००१ सालचा व्हिटब्रेड बुक ऑफ द इयर पुरस्कार मिळाला, आणि तो मिळवणारं ते मुलांसाठीचं पहिलं पुस्तक. तरी स्पष्ट सांगायचं तर तिसऱ्यात पुलमन यांना धर्मसंस्थेशी भांडायची इतकी घाई झाली आहे की गोष्ट मधूनमधून खोळंबते. ज्या घरात देवाधर्मावर मोकळी चर्चा चालते तिथे ही त्रयी उत्तम. इतरत्र मूल प्रश्न विचारणार, हे धरून चाला.

अर्थसीतली एक गोष्ट खटकते ती खटकतेच. रोकच्या शाळेत मुलींना प्रवेश नाही आणि खेड्यातल्या चेटकिणींबद्दल सगळे तुच्छतेने बोलतात. ल ग्विन यांनी पुढे 'तेहानू'मध्ये (१९९०) स्वतःच्याच या जगाची उलटतपासणी केली. मुलगी नायिका हवी असेल तर इतकं थांबायलाही नको. दुसरा भाग, 'द टूम्ब्स ऑफ अतुआन', तेनार या मुलीचा आहे. लहानपणी तिला घरातून उचलून भुयारी देवस्थानाची पुजारीण केलेलं असतं आणि तिचं नावच काढून घेतलेलं असतं. अंधाराचं असं वर्णन फार कमी ठिकाणी सापडेल. माझं मत विचाराल तर पहिल्यापेक्षा दुसरा भाग सरस.

बिघडलेल्या जगांची तीन पुस्तकं

डिस्टोपिया, म्हणजे बिघडलेल्या जगाची गोष्ट, म्हटलं की 'द हंगर गेम्स'चं नाव आधी निघतं, पण त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पुस्तक ठेवलं की निवड सोपी होते. एक लहानसं आणि आधीचं, दुसरं जाडजूड आणि नंतरचं.

आधीचं म्हणजे लोइस लोरी यांचं 'द गिव्हर' (१९९३, मुलांच्या पुस्तकांसाठीचं अमेरिकेतलं न्यूबेरी पदक १९९४). जोनासच्या गावात भांडण नाही, भूक नाही, कुणाला काय व्हायचंय याची चिंता नाही. बाराव्या वर्षी काम नेमून मिळतं. गावाची सगळी जुनी आठवण एका माणसाकडे सोपवलेली असते आणि जोनासला त्याचा वारस म्हणून निवडतात. लोरी यांची करामत अशी की या गावात काय काय नाही, हे वाचकाला जोनासबरोबर हळूहळू उमगतं. त्याच्या हातातल्या सफरचंदात क्षणभर काहीतरी 'बदलतं', आणि ते काय होतं याचा उलगडा पुढे होतो तेव्हा मागची पानं पुन्हा चाळाविशी वाटतात. भाषा अगदी सोपी, पुस्तक दोन-तीन बैठकींत संपणारं. शेवट मात्र मोकळा आहे. काही मुलं त्यावर चिडतात, काही आठवडाभर वाद घालतात. दोन्ही चांगलंच. याची तीन सोबती पुस्तकं पुढे २०१२पर्यंत आली, पण ती न वाचता काही अडत नाही.

सुझन कॉलिन्स यांच्या 'द हंगर गेम्स'बद्दल (२००८) एक गैरसमज आहे की ते फक्त रिंगणातल्या मारामारीचं पुस्तक आहे. बारा जिल्ह्यांतून दरवर्षी बारा ते अठरा वयाची एकेक मुलगी आणि मुलगा, अशी चोवीस मुलं टीव्हीसमोर एकमेकांना मारतात, हा नियम सगळ्यांना माहीत असतो. खरी धार त्याच्या पोटनियमात आहे. गरीब घरातल्या मुलाला वर्षभराचं धान्य आणि तेल हवं असेल तर आपल्या नावाची जादा चिठ्ठी टाकावी लागते, आणि चिठ्ठ्या वर्षानुवर्षं साठत जातात. सोळाव्या वर्षी कॅटनिसचं नाव वीस वेळा पडलेलं असतं. म्हणजे सोडत दिसायला सगळ्यांसाठी सारखी, प्रत्यक्षात उपाशी मुलाला पकडणारी. दोन परिच्छेदांत सांगून टाकलेला हा तपशील मला सगळ्या लढायांपेक्षा जास्त बोलका वाटतो. गोष्ट कॅटनिस स्वतः सांगते, तीही वर्तमानकाळात, त्यामुळे पान सुटत नाही. न वाचणाऱ्याला वाचतं करायचं असेल तर या यादीत याच्याइतकं खात्रीचं पुस्तक नाही. पहिल्या भागावर थांबता येतं. तिसरा, 'मॉकिंगजे' (२०१०), थकलेला आणि काळवंडलेला आहे. तो तसाच असायला हवा होता, असं माझं मत. युद्धातून मुलं ताजीतवानी परत येत नाहीत. पण मजेसाठी वाचणारे तिथे नाराज होतात. २०२० आणि २०२५मध्ये आलेली पूर्वकथांची पुस्तकं या तिन्हीनंतरच घ्या.

नंतरचं पुस्तक नील शुस्टरमन यांचं 'साइद' (२०१६). इथे जग बिघडलेलं नाही, उलट सुधारलेलं आहे. थंडरहेड नावाची कृत्रिम बुद्धिमत्ता कारभार चोख चालवते, रोगराई संपली आहे, म्हातारी माणसं वय मागे फिरवून घेतात, पोरं गंमत म्हणून इमारतींवरून उड्या मारतात आणि दवाखान्यातून जिवंत होऊन परततात. लोकसंख्या आवाक्यात ठेवायला माणसं निवडून कायमची मारण्याचं काम साइद या पंथाकडे असतं, आणि फक्त या पंथात थंडरहेडला लुडबुड करता येत नाही. सिट्रा आणि रोवन यांना ते काम नको असतं म्हणूनच शिकाऊ म्हणून निवडलं जातं. मरण नसेल तर चित्रकार कशासाठी चित्र काढेल, धाडस म्हणजे काय, असे प्रश्न पुस्तक धावताधावता विचारत जातं. यंत्र दुष्ट निघेल अशी वाट बघत राहावं तर इथे सडतात ती माणसं. वादविवाद आवडणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकाला 'हंगर गेम्स'ऐवजी मी सरळ हे देईन. पहिला भाग नीट मिटतो. दुसरा, 'थंडरहेड' (२०१८), इतक्या भीषण जागी संपतो की 'द टोल' (२०१९) जवळ ठेवूनच तो उघडावा. मारण्याची वर्णनं रक्ताळ नसली तरी थंड आहेत, हे हळव्या वाचकाने लक्षात घ्यावं.

वेग हवा असेल तर

पॅट्रिक नेस यांची 'द नाइफ ऑफ नेव्हर लेटिंग गो' (२००८) आणि फिलिप रीव्ह यांची 'मॉर्टल इंजिन्स' (२००१) या दोन्ही पळापळीच्या कादंबऱ्या. नेस यांचा टॉड परक्या ग्रहावरच्या एका गावातला शेवटचा मुलगा आहे. गावात एकही बाई नाही आणि प्रत्येक पुरुषाच्या मनातली गडबड सगळ्यांना सतत ऐकू येते. कुत्रासुद्धा बोलतो आणि अगदी कुत्र्यासारखंच बोलतो, म्हणजे मुख्यतः शी-शूबद्दल. मग टॉडला दलदलीत एक शांत जागा सापडते आणि पळापळ सुरू होते. टॉड धड शिकलेला नाही, म्हणून त्याच्या इंग्रजीतले शब्द मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने छापलेत. इंग्रजी वाचनाची सवय नुकती लागत असेल तर हे पुस्तक आत्ता नको. सवय झाली असेल तर त्याच्याइतका दम काढणारा मजकूर या वयासाठी क्वचितच लिहिला गेला असेल. क्रौर्य बरंच आहे, आणि त्रयी पूर्ण करावीच लागते.

'मॉर्टल इंजिन्स'मध्ये शहरं चाकांवर फिरतात आणि लहान शहरांना गिळून त्यांचे सुटे भाग करतात. पहिल्याच प्रसंगात लंडन शहर आटलेल्या उत्तर समुद्राच्या तळावरून एका चिमुकल्या खाणगावाचा पाठलाग करतं. चित्र म्हणून याला तोड नाही. पण नेस नियमाच्या तळाशी जातात, रीव्ह त्या नियमावर स्वार होऊन मजेत हिंडतात. पात्रं त्यामानाने उथळ, अपवाद चेहऱ्यावर व्रण घेऊन फिरणाऱ्या हेस्टरचा. बारा वर्षांच्या मुलाला रीव्ह, पंधराव्या वर्षी नेस.

आणि ज्यांना या सगळ्या अंधारात शिरायचं नाही त्यांच्यासाठी डायना विन जोन्स यांचं 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' (१९८६). परीकथांच्या देशात तीन बहिणींतली थोरली कायम अपयशी ठरते, हा तिथला समज. सोफी थोरली आहे, तिने आधीच हाय खाल्लेली आहे, आणि वर चेटकीण तिला म्हातारी करून टाकते. म्हातारी झाल्यावर मात्र तिची भीड चेपते आणि ती सगळ्यांना फैलावर घेत सुटते. हायाओ मियाझाकी यांचा २००४चा चित्रपट पाहिला असला तरी पुस्तक वाचा. दोघांच्या वाटा लवकरच फुटतात, आणि पुस्तकातल्या दाराची एक बाजू जिथे उघडते ती जागा चित्रपटात नाही.

हलकंफुलकं नको पण एकाच भागात संपणारं हवं, तर गार्थ निक्स यांचं 'सॅब्रिएल' (१९९५). भिंतीच्या एका बाजूला यंत्रं आणि वीज, दुसऱ्या बाजूला जादू. नायिकेकडे मेलेल्यांना आवरणाऱ्या सात घंटा असतात आणि सातवी वाजवली तर ऐकणाऱ्यांबरोबर वाजवणाराही मृत्यूच्या नदीत ओढला जातो. ती सातवी घंटा सगळं पुस्तकभर तिच्या छातीवरच्या पट्ट्यात असते.

'एंडर्स गेम'चं (१९८५) नाव अशा याद्यांमध्ये हटकून येतं. ह्यूगो आणि नेब्युला हे सायफायचे दोन्ही मोठे पुरस्कार त्याला मिळाले, नायक सुरुवातीला सहा वर्षांचा आहे, त्यामुळे ते मुलांचं पुस्तक वाटतं. ते मोठ्यांसाठी म्हणून छापलं गेलं होतं आणि त्यातली मुलांची परस्परांशी वागणूक त्याच हिशेबाने लिहिली आहे. 'साइद' पचलं, त्यावर भांडून झालं, की मग ते घ्यावं.