कोकणातल्या गॅरेजात वर्कशॉप: उघडा बोर्ड की बंद कपाट, लोखंडी टेबल की लाकडी?

गॅरेजात वर्कशॉप करायचं मनात आलं की माणूस आधी मोबाइलवर व्हिडिओ बघतो. त्यातली बहुतेक गॅरेजेस कोरड्या मुलखातली असतात. भिंतभर टांगलेली चकचकीत हत्यारं, एमडीएफचे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे) कप्पे, गुळगुळीत रंगवलेली जमीन. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगत राहणाऱ्याने ते जसंच्या तसं उचललं, तर पहिल्या पावसाळ्यातच त्याचे पैसे वाया जायला लागतात. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस 80-90 टक्क्यांवर राहते. उघडं लोखंड साधारण 60 टक्क्यांपुढेच झपाट्याने गंजायला लागतं. त्यात खारा वारा असेल तर त्याच्याही आधी, कारण लोखंडावर बसलेलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं. म्हणून आपल्याकडे कुठलीही निवड करताना जागा किती वाचते हे नंतर बघावं, ओल कुठून येते हे आधी.

हत्यारं: उघडी टांगावीत की बंद ठेवावीत

खरी निवड इथेच आहे.

भिंतीवरच्या बोर्डाची सोय मोठी आहे. पक्कड, पाने, हातोडी, सगळं नजरेसमोर राहतं. शेजारी एखादी वस्तू घेऊन गेला तर रिकामी जागा लगेच दिसते. पण आपल्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. चिरा मऊ आणि सच्छिद्र असतो. त्यात ड्रिल मारून प्लास्टिकचा गिट्टा ठोकला की चार दिवस धरतो आणि वजन आलं की लाल भुग्यासकट बाहेर येतो. बोर्ड लावायचाच असेल तर आधी दोन आडव्या लाकडी पट्ट्या लांब स्क्रूने भिंतीला पक्क्या करा आणि बोर्ड त्या पट्ट्यांवर बसवा. त्यामुळे बोर्डामागून हवा खेळते आणि भिंतीची ओल बोर्डाला लागत नाही. नैऋत्येची भिंत मात्र यासाठी घेऊ नका. पावसाची झड तिच्यावरच बसते, आणि चिऱ्याला बाहेरून गिलावा नसेल तर ती भिंत आतूनही ओलसर राहते.

बंद लोखंडी कपाट खारा वारा आणि भुसा दोन्ही अडवतं. पण नुसतं बंद करून भागत नाही. आत कोंडलेली दमट हवा रात्री गार झाली की पत्र्याला घाम येतो, आणि रंध्याच्या लाकडी मुठीवर बुरशी धरते. यावर जुना, स्वस्त उपाय म्हणजे कपाटाच्या तळाशी 15 वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब. एलईडी चालत नाही, कारण आपल्याला उजेड नको, ऊब हवी. 27 अंशांची, 90 टक्के आर्द्रतेची हवा पाचच अंशांनी तापवली तरी आर्द्रता 70 टक्क्यांच्या खाली येते. बल्बला जाळीचं झाकण लावा, आणि थिनर, पेट्रोल, स्पिरिट त्या कपाटात अजिबात ठेवू नका. वीज वरचेवर जात असेल तर बारीक हत्यारं रबरी कडेच्या घट्ट डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावीत. पुड्या ओल धरून थकल्या की बाहेर काढून वाळवाव्या लागतात, नाहीतर त्यांचा काही उपयोग नाही.

माझं मत विचाराल तर दोन्ही ठेवा, पण वाटणी नीट करा. क्रोमचा मुलामा असलेले पाने, हातोड्या, क्लॅम्प, टेप बोर्डावर राहू द्या. पटाश्या, रंध्याची पाती, करवती, ड्रिलचे बिट आणि व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) कपाटात. धारेच्या पोलादाला मुलामा नसतो. पटाशीच्या सपाट पाठीला घामेजलेला अंगठा लागला आणि ती तशीच ठेवली, तर काही दिवसांत तिथे बरोबर अंगठ्याच्या ठशाएवढा तांबूस डाग उठतो. रेषा न् रेषा मोजता येतात. डाग घासून जातो, पण खाली राहिलेले बारीक खड्डे धारेपर्यंत आले की धार तिथे तुटते.

पुसायला काय वापरावं? खोबरेल घरोघरी असतं, पण ते कालांतराने चिकट होतं आणि त्यावर भुसा बसतो. मशीनचं पातळ तेल त्यापेक्षा चांगलं. करवतीला आणि रंध्याच्या तळाला मेण जास्त चांगलं, कारण त्याचा लाकडावर तेलकट डाग पडत नाही. गंज सोडवायचे जे स्प्रे मिळतात ते पाणी हटवायला आणि अडकलेला नट सोडवायला उत्तम, पण त्यांचा थर पातळ असतो. अख्खा पावसाळा त्याच्या भरवशावर काढू नये.

कामाचं टेबल

लोखंडी अँगलचं टेबल गावातला फॅब्रिकेशनवाला दोन दिवसांत करून देतो. वाईस बसवून घण मारायचा असेल, वेल्डिंग किंवा गाडीचं काम असेल, तर हेच घ्या. त्याचे पाय जमिनीलगत पहिले गंजतात, म्हणून पायाखाली रबरी बूट घाला आणि रेडऑक्साइडचे (गंज रोखणाऱ्या लाल रंगाचे) दोन हात तळाच्या बाजूनेही द्यायला सांगा. तळाशी ब्रश फिरवायला कारागीर सहसा आपणहून वाकत नाही. समोर उभं राहून करून घ्या.

सुतारकाम करणाऱ्याने लाकडीच टेबल करावं. साग परवडला तर उत्तम. घरच्या आवारातल्या फणसाच्या फळ्या पडून असतील तर त्याही चालतील, वाळवीही फणसाच्या जून लाकडाला सहजी लागत नाही. मात्र फळ्या पुरत्या वाळलेल्या हव्यात. ओल्या फळ्यांचं टेबल मे महिन्यात फटी दाखवतं. वरचा पाट प्लायचा करायचा असेल तर दुकानदाराकडे आयएस 710 शिक्क्याचा, म्हणजे पाणी सोसणारा मरीन प्लाय मागा. आयएस 303 मधला साधा, नुसती ओल सोसणारा प्लाय घराच्या आत ठीक, गॅरेजात नको. एमडीएफ तर घेऊच नये. एकदा पाणी प्यायलं की फुगतं आणि परत बसत नाही.

जमीन

कोबा, फरशी की एपॉक्सी (जमिनीवर मारायचा जाड, गुळगुळीत रंगाचा थर)? ठरवण्यापूर्वी एक साधी परीक्षा करा: हातभर प्लास्टिकचा कागद जमिनीला चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि दिवसभर ठेवा. खालून थेंब जमले तर ओल जमिनीतून वर येते आहे, आणि त्यावर मारलेला एपॉक्सी पापुद्र्यांनी निघणार. अशा जागी कोबाच बरा. व्हिट्रिफाइड टाइल्स ओल्या झाल्या की पाय घसरतो, आणि हातोडी पडली की टवका उडतो.

खाडी किंवा नदी जवळ असेल तर उंचीचाही विचार करा. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा तळमजल्यावरची दुकानं आणि त्यातला माल पाण्याखाली गेला. तुमच्या आवारात पाणी कुठपर्यंत चढतं हे वाडीतल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आणि मोटार असलेली प्रत्येक वस्तू, सॉकेटसकट, त्या खुणेच्या वर घ्या.

वायरची मशीन की बॅटरीची

ग्राइंडर आणि कटर वायरचेच घ्या, त्यांना दम लागतो. त्यासाठी 16 अँपिअरचं वेगळं सॉकेट, चांगलं अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. ओल्या जमिनीवर उभं राहून मशीन चालवणाऱ्याने यात काटकसर करू नये. ड्रिल आणि स्क्रू ड्रायव्हर मात्र बॅटरीचे बरे. वादळवाऱ्यात वीज गेली, पत्र्याचा स्क्रू निसटला, तर तेच कामी येतात. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात कितीतरी गावांनी आठवडे अंधारात काढले. अशा वेळेसाठी एक जादा बॅटरी घ्या, आणि बॅटऱ्या व चार्जर गॅरेजात न ठेवता घरात, माजघरातल्या कोरड्या फळीवर ठेवा.