बेल्ट, रोलर की सगळा क्लच? स्कूटर उघडण्याआधी

मागच्या श्रावणात ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटात आमच्या स्कूटरचा बेल्ट तुटला. इंजिन चालू, मूठ पिळली की आवाज चढतोय, आणि गाडी जागची हलत नाही. मागून आईने विचारलं, "पेट्रोल संपलं का रे?"

इंदूरला टेम्पोतून आणल्यावर मेकॅनिकचा प्रश्न: "भिया, खाली बेल्ट डाल दूँ, के पूरा सेट?" म्हणजे नुसता बेल्ट, की बेल्ट, रोलर, क्लच सगळंच. गिअरलेस गाडी असली की हा प्रश्न कधी ना कधी येतोच, म्हणून लिहितोय.

आत दोन पुल्या असतात. पुढची इंजिनवर, तिला व्हेरिएटर म्हणतात. इंजिन जोरात फिरलं की तिच्यातले रोलर बाहेरच्या बाजूला सरकतात, पुलीच्या दोन बाजू जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. मागच्या पुलीत तोच बेल्ट स्प्रिंग दाबून खोल उतरतो. गिअर म्हणजे एवढंच. ही करामत आपल्याकडे रुळवली ती 1984 सालच्या कायनेटिक होंडाने, आणि ती बनायची इथे शेजारीच, पिथमपूरला. गुलमर्गच्या बर्फावर पळणाऱ्या स्नोमोबाइलमध्येही हेच तत्त्व आहे. फरक असा की तिथे पुढची पुलीच क्लचचं काम करते. गाडी बर्फात रुतलेली असताना थ्रॉटल दाबत राहिलं की बेल्ट एकाच जागी घासून जळतो. स्कूटरमध्ये क्लच वेगळा, मागच्या पुलीवर. त्यामुळे बिघाड नेमका कुठे आहे ते चालवतानाच बरंचसं कळतं.

बेल्ट झिजला की अरुंद होतो, पुढच्या पुलीत खोल बसतो, आणि टॉप स्पीड गळतो. इंजिन ओरडतं, काटा मात्र पुढे जात नाही. रोलर गोल असायचे ते एका बाजूने चपटे झाले, तर मधल्या वेगात गाडी अडखळत उचलते आणि मूठ सोडली की आतून खडखड येते. टॉप स्पीड यातही मरतो, म्हणून नुसत्या चालीवरून बेल्टला दोषी धरू नका. क्लचचं दुखणं मात्र फक्त उठताना दिसतं: सिग्नलवरून निघताना गाडी थरथरते, एकदा चालायला लागली की गुणी बाळ. इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीत ब्रेक दाबून मूठ अर्धी पिळत सरकायची सवय असेल, तर क्लच शू (बाहेरच्या वाटीला आतून घट्ट धरणारे तुकडे) लवकर गुळगुळीत होतात. आमचा क्लच उघडला तेव्हा बाहेरची वाटी तापून निळसर पडली होती.

आता पैशांचं. नुसता बेल्ट अर्थातच स्वस्त. पण मजुरी बघा: बेल्टसाठी साइड कव्हर आणि पुढचा नट काढावाच लागतो, आणि तो निघाला की व्हेरिएटर जवळजवळ हातातच येतो. म्हणजे रोलर बदलायला वेगळी मेहनत फारशी नाही. क्लच शूचं तसं नाही; त्यासाठी स्प्रिंग दाबून मागचं युनिट सोडवावं लागतं, आणि सामानही महाग. म्हणून माझं मत मेकॅनिकच्या दोन्ही पर्यायांच्या मधलं: बेल्ट आणि रोलर एकत्र बदला, क्लचला थरथर असेल तरच हात लावा. "आत्ता उघडलंच आहे तर" या वाक्यावर पूर्ण सेट विकला जातो.

मात्र कव्हर उघडल्यावर आत तेलाचा चिकटा दिसला, तर आधी ऑइल सील (तेल बाहेर येऊ न देणारी रबरी रिंग) बघा. ते गळत असेल तर नवा बेल्टही घसरणार. बेल्टची रुंदी व्हर्नियरने मोजून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने, आणि बसवणाऱ्याचा हात ग्रीसचा नको. आमच्या मेकॅनिकने बेल्ट ग्रीसच्या हातानेच उचलला होता, मी तिथल्या तिथे पुसून घ्यायला लावला. थोडा चिडला.

लोकल बेल्ट मी घेतला नाही. पेठेत अर्ध्या किमतीत मिळतो, पण घाटात आईला घेऊन पुन्हा उभं राहायची तयारी नव्हती. शहरातल्या शहरातच फिरणाऱ्याला कदाचित चालेल.

बदलला त्या दिवसाचं किलोमीटर रीडिंग सीटच्या खालच्या बाजूला मार्करने लिहून ठेवलंय.