तुकोबा की चोखोबा?

आईच्या आजारपणात रोज संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीवर बसून मी दोघांनाही वाचलं. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, धंदा बुडाला. तरी ते म्हणतात, ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें’. संसार सुटला म्हणून देव जवळ आला, असा त्यांचा हिशेब. (वाणीच ते, हिशेब जमवणारच!) खरं सांगू? दवाखान्याचं बिल खिशात असताना तो पचत नाही.

चोखोबा सरळ हाक मारतात: ‘धाव घाली विठू आता, चालू नको मंद’. बडवे मारताहेत आणि हे देवालाच पाय उचलायला सांगतात. तो येणार याची खात्री आहे, भांडण फक्त उशिराचं. कोपिनेश्वराची घंटा ऐकताना मला तेच जवळचे वाटले. तुकोबा नंतर, आई घरी आल्यावर.