अकरावी कला: चौथा विषय मानसशास्त्र की समाजशास्त्र?

इंग्रजी, दुसरी भाषा, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि इतिहास किंवा भूगोल, इथपर्यंत बहुतेकांचं ठरलेलं असतं. घोडं अडतं ते चौथ्या ऐच्छिक विषयावर. सोलापुरात त्या जागेसाठी बऱ्याच घरांत मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांच्यात रस्सीखेच चालते. काही कॉलेजांत तर हे दोन विषय एकाच गटात समोरासमोर ठेवलेले असतात. दोघांची तासिका एकाच वेळी, त्यामुळे एक घेतला की दुसरा गेला. मी स्वतः मानसशास्त्र घेतलेला माणूस आहे, तेव्हा पारडं थोडं तिकडे कललेलं दिसलं तर नवल मानू नका.

‘कशात जास्त मार्क पडतात?’ हा प्रश्न सुरुवातीलाच बाजूला ठेवू. दोन्हीला लेखी ८० आणि प्रकल्प २०. प्रकल्पाचे गुण दोन्हीकडे साधारण सारखेच सुटतात. खरा फरक त्या ८० गुणांच्या तयारीत पडतो, आणि तोही अभ्यास कुणाच्या मदतीने होणार आहे यावर.

समाजशास्त्राची बाजू लंगडी नाही. अकरावीला कॉम्त, दुर्खीम, मार्क्स, आपल्याकडचे घुर्ये असे समाजशास्त्रज्ञ. बारावीला भारतीय समाज, सामाजिक बदल, चळवळी, समस्या. भाषा ओळखीची, वाक्यं वाचता वाचता कळणारी. शिकवणारे शिक्षक मिळतात, गाईडं मिळतात, मोठ्या भावंडांच्या वह्या मिळतात. शिवाय सोलापूरसारखं गाव या विषयाला हाताशी असणं ही चैनच आहे. शहराच्या पूर्व भागात फेरफटका मारला तरी स्थलांतर, जात आणि व्यवसाय, स्त्रियांचे घरबसल्या श्रम असे तीन धडे दिसतात: तेलंगणातून आलेले विणकर, त्यांचे यंत्रमाग, आणि त्याच गल्ल्यांत सुपात पानं घेऊन विड्या वळणाऱ्या बायका. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा एका बाजारात ऐकू येतात. ‘विविधता आणि एकता’ या प्रकरणाला वेगळं उदाहरण शोधत बसावं लागत नाही.

पण माझ्यासाठी घोळ नेमका इथेच झाला. समाजशास्त्रात आपलं उत्तर बरोबर आहे की नाही, हे घरी बसून आपलं आपल्याला तपासता येत नाही.

नागरीकरणाचंच उत्तर घ्या. विद्यार्थी जुन्या मिलचं उदाहरण घेतो: मिल आली, कामगार आले, वस्ती वाढली, शहर मोठं झालं. वाचायला झकास. पण यातला निम्मा मजकूर औद्योगिकीकरणाचा असतो. उत्पादनाची पद्धत बदलणं म्हणजे औद्योगिकीकरण. लोकसंख्या शहरात एकवटणं आणि राहणीमान, नातेसंबंध शहरी होणं म्हणजे नागरीकरण. सोलापुरात दोन्ही एकत्र आले म्हणून ते एक होत नाहीत. पुढे गिरण्या बंद पडल्या तरी शहर पसरतच राहिलं, एवढा एक मुद्दा लिहिला तर फरक स्वच्छ होतो. तो मुद्दा सुटलाय हे मात्र कुणीतरी जाणकाराने वही पाहिल्याशिवाय कळत नाही. मुलाला वाटतं आपण दीड पान लिहिलं, मग गुण कुठे गेले? व्याख्या नाही, वैशिष्ट्यं सुटी केलेली नाहीत, उदाहरण भलत्याच संकल्पनेचं, आणि सगळं अग्रलेखाच्या भाषेत. वही तपासून देणारं माणूस घरात किंवा क्लासमध्ये असेल तर ही अडचण उरतच नाही. नसेल तर मात्र दोन वर्षं अंदाजावर जातात.

मानसशास्त्रात चूक लगेच पकडली जाते. बुद्धिमत्तेचं प्रकरण पाहा. बुद्धिगुणांक म्हणजे मानसिक वय भागिले शारीरिक वय, गुणिले १००. दहा वर्षांच्या मुलाचं मानसिक वय बारा, तर उत्तर १२०. भागाकार उलटा केला की ८३ येतात. वयाच्या मानाने पुढे असलेल्या मुलाचा गुणांक शंभराच्या खाली गेला, म्हणजे गडबड आहे हे तिथल्या तिथे दिसतं. दुसरी नेहमीची चूक वर्षं आणि महिने मिसळण्याची. ‘८ वर्षे ६ महिने’ हे ८.६ लिहितात, ते ८.५ असतं, किंवा सरळ दोन्ही वयांचे महिने करावेत. हे सूत्र प्रौढांना का चालत नाही तेही समजून घ्या, कारण टीप लिहिताना कामाला येतं: शारीरिक वय वाढत राहतं, मानसिक वय तसं वाढत नाही, त्यामुळे चाळिशीच्या शहाण्या माणसाचा गुणांक सूत्राप्रमाणे घसरलेला दिसेल. म्हणून मानसशास्त्रज्ञ वेक्स्लरने समवयस्कांच्या सरासरीशी तुलना करण्याची पद्धत आणली: सरासरी १००, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) १५.

याच प्रकरणात पाठांतराचा सापळाही आहे. बुद्धिमत्तेचे सिद्धांत आणि त्यांची सालं: स्पिअरमन १९०४, थर्स्टन १९३८, गार्डनर १९८३. थर्स्टनच्या प्राथमिक क्षमता सात, आणि गार्डनरने सुरुवातीला सांगितलेल्या बुद्धिमत्ताही सातच, म्हणून दोन याद्या एकमेकींत घुसतात. संगीतविषयक किंवा शारीरिक बुद्धिमत्ता थर्स्टनच्या नावावर लिहिली गेली की समजा घुसल्या. उपाय सोपा आहे: थर्स्टनच्या यादीतल्या गोष्टी कागद-पेन्सिलीच्या चाचणीतून मोजलेल्या आहेत, संगीत, खेळ, स्वतःची जाण ही गार्डनरची भर. निसर्गविषयक बुद्धिमत्ता त्याने नंतर घातली.

मानसिक विकृतींचं प्रकरण तर स्वतःला तपासण्यासाठीच केल्यासारखं आहे. प्रसंग देऊन विकृती ओळखायची असते आणि बहुतेक प्रसंगांत एखादा शब्द निर्णायक असतो. ‘हात अस्वच्छ आहेत’ हा पिच्छा न सोडणारा विचार वेगळा आणि त्यापायी वीस वेळा हात धुणं ही कृती वेगळी; विचार-कृती अनिवार्यतेच्या (ओसीडी) प्रसंगात दोन्हींवर बोट ठेवता आलं पाहिजे. लिफ्टचीच भीती असेल तर भयगंड. कशाची ते सांगता येत नाही पण काळजी सहा महिने हटत नाही, तर सार्वत्रिक चिंता. नैराश्याच्या विकृतीसाठी किमान दोन आठवडे, आघातानंतरच्या ताणविकृतीसाठी एक महिन्यापेक्षा जास्त. कालावधीचे हे आकडे एका कागदावर लिहून भिंतीला लावा. मग मैत्रिणीने प्रसंग वाचावा, तुम्ही नाव सांगावं, बरोबर की चूक तिथेच कळतं. शिक्षक लागत नाही.

प्रकल्पाचंही तसंच. समाजशास्त्राचा प्रकल्प बहुधा प्रश्नावलीवर जातो, आणि वीस जणांनी ‘होय’ला टिक केल्यावर निष्कर्ष काय लिहायचा हा प्रश्न उरतो. मानसशास्त्रात छोटा प्रयोग घरी होतो. मानसशास्त्रज्ञ स्ट्रूपचा (१९३५) घेऊ. दोन तक्ते, प्रत्येकी वीस शब्द: लाल, निळा, हिरवा, काळा. पहिल्या तक्त्यात शब्द आणि शाईचा रंग एकच. दुसऱ्यात ‘लाल’ हा शब्द निळ्या स्केचपेनने, ‘हिरवा’ लाल रंगाने, असं. समोरच्याने शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ आणि शेजारी चुका नोंदवायच्या. दुसऱ्या तक्त्याला वेळ जास्त लागतो, कारण वाचणं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते थांबवता येत नाही.

हा प्रयोग फसण्याची कारणंही ठरलेली आहेत. पिवळं स्केचपेन घेतलं तर पांढऱ्या कागदावर दिसत नाही, आणि वाढलेला वेळ डोळे ताणण्याचा असतो. तक्त्याची साधी झेरॉक्स काढली तर रंगच जातात (हसू नका, अशा फाइली येतात). सगळ्यांना पहिला तक्ता आधी दिला तर दुसऱ्या वेळी थोडा सराव झालेला असतो आणि फरक कमी दिसतो. म्हणून निम्म्यांना उलट क्रमाने द्या. आणि सोलापुरातली खास अडचण: उर्दू, कन्नड किंवा तेलुगू माध्यमात शिकलेल्याला देवनागरी तक्ता दिला तर अडथळा कमी येण्याची शक्यता असते. ज्या लिपीचं वाचन आपोआप होत नाही, ती लिपी रंगाच्या आड येत नाही. त्याचा आकडा गाळू नका. माध्यमाचा रकाना वेगळा करा आणि चर्चेत लिहा. असा प्रकल्प तपासणाऱ्याच्या लक्षात राहतो.

अंकांच्या स्मृतिविस्ताराचा (एका वेळी किती अंक लक्षात राहतात याचा) प्रयोगही इथे भाषांच्या याच कारणाने रंगतो. अंक सेकंदाला एक या गतीने, एका सुरात वाचायचे. फोन नंबरसारखे तीन-तीनचे गट पाडून वाचले की विस्तार फुगतो. आणि अंक कोणत्या भाषेत वाचले ते लिहून ठेवायचं, कारण ज्या भाषेत अंकांची नावं लांब, त्या भाषेत कमी अंक लक्षात राहतात, हे अनेक भाषांवरच्या प्रयोगांत आढळलेलं आहे. दोन्ही प्रयोगांत नावं न लिहिता अ, ब, क लिहा आणि आधी विचारून घ्या.

आता मानसशास्त्राचे तोटे. पहिला म्हणजे संज्ञांचा मारा. अवधान, संवेदन, अवबोध, बोधन हे सगळे शब्द पहिल्या काही महिन्यांत एकसारखेच वाटतात, आणि इथे ‘साधारण असं असं’ लिहून निभावत नाही. वाचनाचा कंटाळा असलेल्याला समाजशास्त्र दयाळू आहे, हे कबूल. दुसरा तोटा शिक्षकांचा: काही ठिकाणी हा विषय तासिका तत्त्वावर चालतो आणि माणूस मधेच बदलतो. तिसरा, विकृतींचा धडा वाचताना प्रत्येक लक्षण स्वतःत किंवा आईवडिलांत दिसू लागतं. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनाही हे होतं. पुस्तक हे निदानाचं साधन नव्हे. झोप, भूक, अभ्यास खरोखरच दोन आठवडे बिघडलेले असतील तर धडा पुन्हा वाचू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी, मोफत क्रमांक आहे, तिथे बोला.

पुढचं करिअर बघून ठरवणाऱ्यांसाठी थोडक्यात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट व्हायचं तर एमबीबीएस लागतं, म्हणजे कला शाखेतून तो रस्ता नाही. हे दहावीलाच सांगितलं पाहिजे, सांगितलं जात नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला बी.ए., एम.ए. आणि त्यापुढे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया या केंद्रीय संस्थेच्या मान्यतेचा अभ्यासक्रम. ज्यांना शिक्षक व्हायचंय त्यांना फायदा सरळ आहे: टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) दोन्ही पेपरांत १५० पैकी ३० गुण बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राचे. जीएनएम नर्सिंगला पहिल्या वर्षी मानसशास्त्र आणि समाजशास्त्र दोन्ही येतात. यूपीएससीला दोन्ही वैकल्पिक आहेत, पण समाजशास्त्र घेणारे जास्त, त्याचं साहित्य जास्त, आणि निबंधाच्या पेपरला ते उपयोगी पडतं. स्पर्धा परीक्षाच करायची हे पक्कं असेल तर मी मानसशास्त्राचा आग्रह धरणार नाही. समाजकार्याकडे ओढा असणाऱ्यांनाही समाजशास्त्रच जवळचं. ‘मानसशास्त्र बी.ए.ला घेऊ की’ असं म्हणणाऱ्यांचं तसं चुकत नाही, तिथे ते साधारणपणे पहिल्यापासूनच सुरू होतं. फक्त आवडतं की नाही हे तेव्हा कळण्यापेक्षा अकरावीला कळलेलं स्वस्त पडतं.

फॉर्म भरण्याआधी एक करा. प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन आहे आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागतं, त्यामुळे पसंतीक्रमात कॉलेज वर टाकण्याआधी तिथे जाऊन विषयांचे गट पाहा. माहितीपत्रकात मानसशास्त्र छापलंय यावर जाऊ नका. गेल्या वर्षी बारावीला किती मुलं या विषयाला बसली, शिक्षक पूर्णवेळ आहेत का, हे विचारा आणि मागच्या बॅचच्या दोन-तीन प्रकल्प फाइली पाहायला मागा. फाइलीत आकड्यांचा तक्ता आणि त्याखाली स्वतःच्या शब्दांतली चर्चा असेल तर डोळे झाकून मानसशास्त्र घ्या. सगळ्या फाइलींत एकच मजकूर उतरवलेला असेल, किंवा फाइली सापडतच नसतील, तर त्या कॉलेजात समाजशास्त्र बरं.