'सैराट' की 'फँड्री': जातीचं दुखणं कुठे जास्त भिडतं?
दोन्ही चित्रपट नागराज मंजुळे यांचेच. 'सैराट' (२०१६) गावोगावी पोचला. 'झिंगाट'वर थिएटरात नाचलेली माणसं शेवटी आर्ची-परश्याच्या लहानग्याची रक्ताळलेली पावलं पाहून गप्प झाली. किती जणांपर्यंत पोचला, हे पाहायचं तर तोच पुढे.

पण मला 'फँड्री' (२०१३) जास्त खोल जाणारा वाटतो. त्यातला शाळकरी मुलगा जब्या आणि त्याच्या घरची माणसं डुक्कर काठीला बांधून नेतात, मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले, गाडगेबाबा रंगवलेले. कुणी भाषण देत नाही. ती भिंतच बोलते. 'सैराट'मध्ये जातीबाहेर लग्न केलं म्हणून जीव घेणारे मारेकरी नायिका आर्चीच्या माहेरचे, म्हणजे दुसरंच कुणीतरी. 'फँड्री'त जब्याच्या घरच्यांवर हसणाऱ्या गर्दीत आपणही असतो, आणि जब्याचा शेवटचा दगड थेट आपल्याच अंगावर येतो.