डिझेल की बॅटरी: छोट्या विमानाला काय बसवावं?

मॉडेल विमानाच्या डिझेल इंजिनाला पंपावरचं डिझेल चालत नाही. ईथर, रॉकेल आणि एरंडेल साधारण समप्रमाणात मिसळायचं. स्पार्क प्लग नाही, ग्लो प्लग (तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा) नाही. डोक्यावरचा स्क्रू पिळून दाब वाढवायचा आणि हातमोजा घालून प्रोपेलर झटकायचा. दाब जास्त झाला तर प्रोपेलर अडतो, कमी पडला तर इंजिन पेटतच नाही. हात बसला की मात्र मोठा प्रोपेलरही ते जोमात ओढतं. पण पंखांवर तेलाचा थर आणि कपड्यांना ईथरचा वास ठरलेलाच.

ब्रशलेस मोटरला (बॅटरीवर चालणारी, आत ब्रश नसलेली विजेची मोटर) ही कटकट नाही. लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी जोडा, उडवा. फक्त ती पूर्ण चार्ज करून कपाटात ठेवू नका. दर सेलला 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवा.

नवख्याने मोटरच घ्यावी. कंट्रोल लाइन (हातातल्या तारांनी ताबा ठेवून गोल फिरणारं विमान) उडवणाऱ्याने मात्र डिझेल जरूर हाताळावं.